मालगुजाराचा तलाव आता कोणाच्या नावावर?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पूर्व विदर्भातल्या मालगुजारांच्या, म्हणजे सरकारी सारा भरणाऱ्या गावमालकांच्या, जुन्या वाड्यांवर जो लेख प्रसिद्ध झाला, तो आमच्या गावात पुष्कळ वाचला गेला. लेखासोबतच्या छायाचित्रांपैकी एक आमच्याच गावच्या वाड्याचे असल्यामुळे तो अंक दोन दिवस पानठेल्यावर हातोहात फिरत होता. सागवानी खांब, दिवाणखान्याची नक्षीदार तुळई, धान साठवण्याच्या ढोल्या, हे सारे लेखकाने आस्थेने टिपले आहे, आणि असे वाडे जपले जावेत हे त्यांचे म्हणणेही रास्त आहे. मात्र त्या छायाचित्रात वाड्याच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, झाडांची एक आडवी रांग दिसते, तिच्याविषयी लेखात एक शब्दही नाही. ती रांग म्हणजे तलावाची पाळ, पाणी अडवणारा मातीचा बांध, आहे. मालगुजारीने आमच्या गावाला जे काही दिले त्यातले आजही उपयोगाचे असे तेवढेच उरले आहे, आणि त्याचीच सध्या वाट लागत आहे, म्हणून हे पत्र.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. मी मालगुजारीच्या आठवणीने हळवा होणाऱ्यांपैकी नाही. माझे आजोबा मौरुसी, म्हणजे वंशपरंपरागत, हक्काचे कूळ होते. वाड्यावर लग्न निघाले की त्यांची बैलजोडी आणि खासर (बैलगाडी) तीन-तीन दिवस फुकटात राबत असे, आणि त्याच दिवसांत स्वतःच्या बांधीतली (धानाच्या खाचरातली) रोवणी खोळंबली तर ती खोळंबू द्यावी लागत असे. बेगार हा शब्द मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी आजीच्या तोंडून ऐकला होता, तोही शिवीसारखा. त्यामुळे तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या १९५०च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे स्वामित्वहक्क संपुष्टात आले, ते योग्यच झाले असे मी मानतो. आमच्या घरी त्या दिवशी गोडधोड केले होते, असे वडील सांगत.

तरीही तलाव समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते, कारण तलाव मालगुजारीपेक्षा जुने आहेत. झाडीपट्टीत, म्हणजे आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या धानाच्या मुलखात, तलाव बांधण्याची परंपरा गोंड राजांच्या काळापासूनची आहे. जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन द्यायची, अशी चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, राजांची रीत होती. अशा देणगीला तुकूम म्हणत, आणि चंद्रपुरातल्या एका मोठ्या वस्तीच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. पाणी अडवण्याच्या या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. पाण्याच्या भरवशावर ऊस पिकवणारे हे लोक जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखत, असा त्यांचा लौकिक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नवेगाव बांध ज्याने उभा केला तो कोलू पाटील कोहळीच होता. तो पुढे कोलासूर या नावाने देवच झाला. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि बांध घालताना त्या बहिणींनी हात लावला अशी लोककथा आहे. शिवनी आणि सिरेगाव येथील मोठे तलावही याच परंपरेतले.

पुढे भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील सारा गोळा करणारा मक्तेदार झाला, गावाचा मालक मात्र तो नव्हता. मालकी त्याला दिली ती इंग्रजांनी. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८६१मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि त्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे जमीनसारा ठरवण्याच्या कामात, कालपर्यंतच्या पाटलांना व मक्तेदारांना गावाचे स्वामी ठरवून त्यांच्या हाती सनदा देण्यात आल्या. एका कागदाने गाव, गावठाण, पडीक, झाडे आणि तलाव एका घराण्याच्या नावावर चढले. आमच्या गावचा वाडा त्यानंतरचा आहे. पाळ त्याच्या फार आधीची. तेव्हा वाडा आणि तलाव हे एकाच कर्तृत्वाचे दोन भाग आहेत असा जो समज लेख वाचून होतो, तो बरोबर नाही. तलाव बांधणाऱ्यांचे वंशज बहुधा आमच्यासारख्याच चार खोल्यांच्या घरांतून राहत असतील.

पण मालकी देताना त्या बंदोबस्ताने एक काम चांगले केले. मालकाचे हक्क जसे लिहिले, तसे गावकऱ्यांचे हक्क आणि गावाच्या चालीरीतीही लिहून काढल्या. त्या दस्तऐवजाला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. जनावरांनी कोठे चरावे, सरपण कोठून आणावे, कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या शेताला आणि कोणत्या क्रमाने मिळावे, वाट कोणती आणि मसणवट कोणती, हे त्यात गावनिहाय नमूद असे. आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६मध्ये कलम १६१ निस्तारपत्रकाविषयी आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जाविषयी आहे, आणि ही कलमे केवळ विदर्भाला लागू आहेत. उरलेल्या महाराष्ट्राला हे शब्द परके वाटतील. आमच्याकडे मात्र 'निस्तार' हा शब्द म्हाताऱ्या बायका अजूनही सहज वापरतात. 'तलावावर आमचा निस्तार हाये', म्हणजे तेथे धुणे, गुरे धुणे, पाणी नेणे यांस कोणाची परवानगी लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या गावच्या वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढली. अर्ज, शुल्क, चार फेऱ्या, आणि शेवटी अभिलेख कक्षातल्या एका सज्जन कारकुनाने आपणहून शोधून दिलेले बासन. ती कथा लांबवत नाही. कागद इतका जीर्ण की घडीवर तुटलेला; शाई मात्र स्वच्छ. तलावाच्या कलमात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो. पाळेची दुरुस्ती मालगुजाराने करावयाची, मात्र पाळ फुटल्यास पाण्याखालच्या प्रत्येक कुळाने घरटी एक माणूस द्यावयाचा. आश्विनात पाणी सोडताना आधी पाळेलगतच्या नव्हे, तर शेवटच्या टोकाच्या बांध्या भिजवावयाच्या. उन्हाळ्यात तलावातली माती घराला आणि शेताला नेण्यास कोणालाही मोकळीक. जनावरांपुरते पाणी राखल्याशिवाय मोरी (पाणी सोडण्याची वाट) पूर्ण उघडावयाची नाही. शिंगाडा आणि मासे ढिवरांनी घ्यावयाचे व त्याबद्दल मालगुजारास ठरलेला हिस्सा द्यावयाचा.

हे कलम वाचताना मला दोन गोष्टी जाणवल्या. पहिली ही की मालगुजाराला यात हिस्सा आहे तसे कामही आहे. ते तो स्वखुशीने करीत होता की सारा बुडेल या भीतीने, हा प्रश्न वेगळा. माझ्या समजुतीप्रमाणे भीतीनेच, कारण धान पिकला नाही तर कुळाकडून वसुली होत नसे आणि सरकारचा सारा तर चुकवता येत नसे. दुसरी गोष्ट अशी की 'शेवटच्या टोकाला आधी पाणी' हे तत्त्व पाटबंधाऱ्याच्या आधुनिक प्रकल्पांवर आज मोठमोठ्या अहवालांतून शिकवले जाते, आणि ते आमच्या गावच्या कागदावर आधीपासूनच लिहिलेले होते.

१९५१नंतर काय झाले? मालगुजाराची घरची शेती, म्हणजे सीर आणि खुदकाश्त, त्याच्याकडे राहिली. वाडा त्याच्याकडे राहिला. गावाच्या निस्ताराचे तलाव यथावकाश सरकारकडे आले, आणि कालांतराने त्यांतल्या बहुतेकांची देखभाल जिल्हा परिषदांकडे गेली. कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव पडले व त्याचे संक्षिप्त रूप 'मामा तलाव'. (मी शिक्षक असताना पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले होते, की सर, हा कोणाच्या मामाचा तलाव? मला तेव्हा हसू आले. आता वाटते की प्रश्न नेमका होता.) या चार जिल्ह्यांत असे तलाव हजारोंनी आहेत. मालकीचा फेरफार झाला, सातबाऱ्यावर शासनाचे नाव चढले. पण त्या कलमात लिहिलेले काम कोणाच्या नावावर चढले, हे मला पंचाहत्तर वर्षांचे कागद चाळूनही सापडलेले नाही. घरटी एक माणूस देण्याची रीतही त्याच सुमारास सुटली. त्यात बेगारीची आठवण होती, म्हणून ती सुटली याचा लोकांना आनंदच झाला. बेगार आणि गावकी यांतला फरक सांगणारे तेव्हा कोणी नव्हते. असते तरी आमच्या आजोबांनी ऐकले नसते.

तलाव चालतो कसा, हे शहरातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण सध्या त्यावर जी कामे होत आहेत ती हे न कळल्यामुळेच होत आहेत. हा तलाव बारमाही पाण्यासाठी बांधलेला नाही. आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो, पण भारी जातीचा धान पोटरीत येतो नेमका तेव्हा, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, तो दगा देतो. त्या पंधरा-वीस दिवसांत एक किंवा दोन पाणी मिळाले तर लोंबी भरते, नाही मिळाले तर नुसते तणीस (पेंढा) उरते. तलाव आहे तो एवढ्या एका ओलितासाठी. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा पुढच्या बोडीत (लहान तळ्यात), अशी साखळी चुलबंद नदीच्या नाल्यापर्यंत उतरत जाते, आणि म्हणून एका सांडव्याची उंची हातभर बदलली तरी त्याचा परिणाम तीन गावांवर होतो. आमच्या तलावाची जुनी मोरी दगडी आहे. तिच्या उभ्या खांबाला एकाखाली एक भोके असून त्यांत लाकडाचे गुट्टे ठोकलेले असत. पाणी जसजसे उतरेल तसतसा खालचा गुट्टा काढावयाचा. लहानपणी गुट्टा काढायला उतरलेल्या माणसाच्या कमरेला दोर बांधून आम्ही पाळेवरून धरून बसत असू, आणि गुट्टा निघताच पाण्याचा जो घुमल्यासारखा आवाज येई तो ऐकून पाटालगतच्या शेतांतले लोक फावडी घेऊन उठत. त्या खांबाची वरची दोन भोके आज सिमेंटने बुजवलेली आहेत. तिसऱ्याच्या खालची गाळात गेली.

गेल्या काही वर्षांत आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, आणि तलावाचे 'सौंदर्यीकरण' हाती घेण्यात आले. आतल्या बाजूने काँक्रीटची भिंत उठली, पाळेवर रंगीत फरशांची पायवाट आली, दिवे आले, बसायला बाके आली. संध्याकाळी तेथे गर्दी असते, मीही जातो, आणि गुडघेदुखीच्या माणसाला सपाट वाटेचे सुख काय असते ते मी नाकारणार नाही. परंतु पायवाट अखंड राहावी म्हणून सांडव्यावर जो पूल टाकला, त्याच्या नळ्या सांडव्याच्या रुंदीच्या निम्म्याही नाहीत. परवाच्या पावसाळ्यात एका रात्रीच्या पावसाने पाणी सांडव्यातून न जाता पाळेच्या खोलगट भागावरून गेले आणि खालच्या मोहल्ल्यातल्या घरांत शिरले. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला, त्यात कारण 'अतिवृष्टी' असे नोंदले गेले. भिंतीमुळे गुरांचा उतार बंद झाला. ढिवर बांधवांना डोंगा लावायला जागा राहिली नाही. वरच्या अंगाला, जेथे तलावात पाणी उतरते त्या उथळ जागेत, भर टाकून भूखंड पाडल्याच्या खुणा दिसतात. उरलेल्या भागात बेशरम नावाचे झुडूप माजले आहे. आणि ज्या कामाला सर्वांत कमी खर्च आला असता, ते मोरीचे काम, अंदाजपत्रकात नव्हतेच.

येथे एक मुद्दा आपल्या नजरेस मुद्दाम आणून द्यावासा वाटतो, कारण त्याची चर्चा मी कोठे वाचलेली नाही. तलाव नगरपंचायतीच्या हद्दीत आहे, पण त्याच्या पाण्याखालची बहुतेक शेती हद्दीबाहेरच्या दोन गावांत आहे. त्या गावांतल्या शेतकऱ्यांना नगरपंचायतीत मत नाही. वाजिब-उल-अर्जात त्यांचे नाव आहे, वॉर्डांच्या यादीत नाही. मालगुजार कितीही उर्मट असला तरी दोन्हीकडची कुळे त्याच्या दारात जाऊन बसू शकत. आज ती कोणाच्या दारात बसणार? तलावाची जमीन एका खात्याकडे, पाणी दुसऱ्याकडे, मासेमारीचा ठेका तिसरीकडे, आणि पाळेवरची फरशी चौथीकडे. शेतकरी विचारायला गेला की प्रत्येक ठिकाणी त्याला पुढचा दरवाजा दाखवला जातो, आणि तोवर ऑक्टोबर उलटून जातो.

कोणा एका कार्यालयाकडे बोट दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. गावाचे नावही याच कारणाने लिहिलेले नाही. नाव लिहिले की तो त्या गावचा भांडणाचा विषय ठरतो, आणि शेजारच्या गावात नेमके तेच चालू असताना तेथले वाचक पान उलटतात. साकोलीपासून ब्रह्मपुरीपर्यंत कोणत्याही जुन्या गावात उतरावे आणि पाळेवर चढावे, माझे वर्णन थोड्याफार फरकाने जुळेल असा माझा अंदाज आहे. गाळ काढण्याच्या योजना आल्या, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आली, काही तलावांना तिचा खरोखर उपयोग झाला, आणि उन्हाळ्यात तलावाची माती शेतात नेण्याची जुनी मुभा तिच्या रूपाने परत मिळाली म्हणून मी तिचे स्वागतच करतो. परंतु गाळ काढणे हे दहा वर्षांतून एकदा करण्याचे काम आहे. मोरी उघडणे, पाट साफ ठेवणे, सांडव्यातले झुडूप तोडणे, ही कामे दरवर्षी करावी लागतात, त्यांचे उद्घाटन होत नाही, आणि म्हणून ती होत नाहीत.

माझी मागणी मोठी नाही. आमच्यासारख्या प्रत्येक गावाच्या निस्तारपत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची वाचता येईल अशी प्रत नगरपंचायतीच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जावी, कारण आपला हक्क काय आहे हे ठाऊक नसलेला माणूस तो मागत नाही. पायवाटेच्या आधी तलावाची मोजणी होऊन हद्दीचे दगड रोवले जावेत. गावांच्या सामाईक जागांवरची अतिक्रमणे हटवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्व राज्यांना आदेश दिलेले आहेत, तेव्हा यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. सांडव्याची रुंदी आणि उंची पूर्ववत करण्यात यावी. आणि पाण्याचे वाटप ठरवण्यासाठी जी काही समिती नेमायची असेल, तिच्यात हद्दीबाहेरच्या शेतकऱ्यांना आणि ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेला जागा असावी. नुसते 'निमंत्रित' म्हणून नव्हे.

राहता राहिला वाडा. त्याचे वारस नोकरीनिमित्त नागपूरकडे गेले, त्याला बरीच वर्षे झाली. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी ते येतात, ओसरीवर बसतात, दंडार हे लोकनाट्य पाहतात. माणसे भली आहेत. मागच्या मंडईला त्यांच्यापैकी एकाला मी ती नक्कल दाखवली. त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली, 'पाळेची दुरुस्ती मालगुजाराने करावयाची' या ओळीवर बोट ठेवले, आणि हसून म्हणाले, 'गुरुजी, हे तर आमच्याकडून सरकारने घेऊन टाकलं ना?' मी म्हटले, घेतले खरे. मग आम्ही दोघे मागच्या दाराने पाळेवर गेलो. मोरी कोठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हते, मी दाखवली.

आपल्या लेखकांना पुन्हा इकडे येणे झाले तर तो कागद माझ्याकडे पाहता येईल. शक्य तर मे महिन्यात यावे. पाणी उतरलेले असते, आणि खांबाचे तिसरे भोक तेवढे गाळाच्या वर दिसते.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
चुलबंद खोरे, जि. भंडारा